सावलीतला देशी नेचा ओळखताना : टेक्टारिया कोॲडुनाटा

आमच्या रोपवाटिकेतून या नेच्याचे (फर्नचे) रोप नेणाऱ्या, तसेच त्यासारख्या दिसणाऱ्या रोपाचे पान ओळखीसाठी घेऊन येणाऱ्या इंदूरच्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. टेक्टारिया कोॲडुनाटा हा आपल्याच देशातला नेचा असून सह्याद्रीत महाबळेश्वरच्या सदाहरित जंगलात दाट सावलीच्या जमिनीवर आणि ओढ्याकाठी तो वाढतो; मध्य प्रदेशात पचमढीच्या ओलसर दऱ्यांमध्येही तो आढळतो. जुन्या ग्रंथांत त्याची नोंद टेक्टारिया मॅक्रोडोंटा या नावाने सापडेल.

पूर्ण वाढलेले पान देठासह दोन-तीन फुटांचे, रुंद आणि त्रिकोणी असते. देठ तपकिरी व काहीसा चमकदार असून त्याच्या बुडाशी खवले दिसतात. पानाच्या तळाशी असलेली दलांची (मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या भागांची) जोडी सर्वांत मोठी असते आणि त्या दलांचे खालच्या बाजूचे खंड (लहान भाग) वरच्या बाजूच्या खंडांपेक्षा लांब वाढतात, त्यामुळे पान बुडाशी पसरट दिसते. मात्र एवढ्यावरून निर्णय करू नये, असे आमचे मत आहे, कारण लहान रोपाची पाने कमी विभागलेली असतात आणि इतरही अनेक नेच्यांची पाने त्रिकोणीच असतात.

खरी ओळख शिरांवरून पटते. पान उजेडासमोर धरून साध्या भिंगातून पाहिल्यास मुख्य शिरांच्या मधल्या बारीक शिरा एकमेकींना मिळून जाळी तयार झालेली दिसते, आणि त्या जाळीच्या काही घरांत मोकळ्या टोकाची एखादी आखूड शीरही आढळते. त्याच जंगलांत वाढणाऱ्या ड्रायोप्टेरिस कोक्लिआटा या नेच्यात शिरांना फाटे फुटतात, पण त्यांची जाळी होत नाही. शिवाय त्याची बीजाणू (नेच्याला बियांऐवजी येणारे सूक्ष्म कण) धरणारी पाने वेगळी व आक्रसलेली असतात. टेक्टारियात तसा भेद नसतो.

यानंतर पान उलटे करावे. मोठ्या पानाच्या खालच्या बाजूस, खंडांतील मुख्य शिरांच्या दोन्ही अंगांना बीजाणुधानींचे (बीजाणूंच्या बारीक पिशव्यांचे) गोल पुंज ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक पुंजावर मूत्रपिंडाच्या आकाराचे पातळ आवरण असते. हे पुंज पिकून तपकिरी झाले की रोपाला कीड लागली, असे समजून काही ग्राहक त्यावर औषध फवारतात. तसे करण्याचे कारण नाही. खवले कीड पानाच्या देठावरही आणि कसल्याही ओळीशिवाय चिकटलेली असते, नखाने खरवडली की सुटते आणि बहुधा तिच्या आसपास चिकटपणा जाणवतो. बीजाणूंचे पुंज देठावर कधीच येत नाहीत.

घरोघरी कुंडीत दिसणारा नेफ्रोलेपिस हा नेचा लांबट, अरुंद आणि एकदाच विभागलेल्या पानांवरून सहज वेगळा काढता येतो. टेरिस या नेच्यात बीजाणू पानाच्या दुमडलेल्या कडेखाली सलग रेषेत असतात. जुन्या विहिरींच्या भिंतींवर उगवणारा ख्रिस्टेला डेंटाटा मात्र थोडा फसवतो, कारण त्याच्याही पुंजांवरचे आवरण मूत्रपिंडाकृती असते. परंतु त्याचे पान लांबट असून त्यावर बारीक लव असते, ती बोटांना जाणवते.

आमची रोपे बीजाणूंपासून वाढवलेली आहेत. बीजाणू ओलसर माध्यमावर पडले की प्रथम नखाएवढी हिरवी चकती तयार होते आणि त्यातून पुढे रोप येते, म्हणून हे रोप तयार व्हायला वेळ लागतो व त्याची किंमतही त्यामुळेच जास्त असते. पचमढीला फिरायला गेल्यावर तिथले रोप उपटून आणू नये. सातपुडा राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती विनापरवाना काढणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.

माळव्याची काळी माती एकटी वापरल्यास पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तिच्यात पालापाचोळ्याचे खत व जाड वाळू मिसळावी आणि कुंडी ऊन येणार नाही अशा ओट्यावर ठेवावी. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत पाने सुकली तरी रोप टाकून देऊ नये. मातीतील मूलस्तंभ (नेच्याचे खोड) जिवंत असल्यास पावसाळ्यात नवी पाने गुंडाळीतून उलगडतात.

ओळखीसाठी पान आणताना ते देठाच्या बुडापासून कापलेले, पूर्ण वाढलेले आणि कागदात सपाट ठेवलेले असावे; केवळ छायाचित्र असल्यास एक पानाच्या खालच्या बाजूचे आणि एक उजेडासमोर धरलेल्या खंडाचे, अशी दोन घ्यावीत.