ओळखीतल्या माणसाला दारावर अडवताना : चाहत्यांच्या मेळाव्यांतल्या स्वयंसेवी सुरक्षेची पार्श्वभूमी

चाहत्यांच्या मेळाव्यातून कुणाला तरी दारावरूनच परत पाठवल्याची पहिली गाजलेली घटना थेट पहिल्या वर्ल्डकॉनमधली, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या जागतिक संमेलनातली आहे. जुलै १९३९, न्यूयॉर्क. विज्ञानकथांचे सुमारे दोनशे चाहते कॅराव्हॅन हॉलमध्ये जमले होते आणि आयोजकांनी सहा जणांना आत येऊ दिलं नाही. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोल्हाइम, सिरिल कॉर्नब्लुथ ही पुढे मोठी झालेली नावं त्या सहांमध्ये होती. ही मंडळी ‘फ्युचरियन्स’ नावाच्या गटाची. आयोजक सॅम मॉस्कोविट्झ आणि त्याच्या साथीदारांशी त्यांचं राजकारणावरून आणि त्याहून जास्त मानापमानावरून वाजलेलं होतं. कार्यक्रम उधळणार नाही असं वचन द्या, मग आत या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. त्याच गटातला आयझॅक असिमॉव्ह मात्र आत जाऊन बसला.

यात कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, होती ती भाऊबंदकी. तरी ही हकिगत पुढची अनेक दशकं चाहत्यांमध्ये सांगितली गेली आणि तिचा परिणाम खोलवर झाला. शाळेत, घरी, नोकरीत ‘विचित्र’ म्हणून बाजूला पडलेल्या माणसांनी उभारलेलं हे जग. इथे तरी कुणी कुणाला हाकलू नये, ही भावना घट्ट होत गेली. भावना चांगलीच होती. पण तिची किंमत कुणी चुकवली, हे कळायला पंचवीस वर्षं लागली.

१९६४ चं वर्ल्डकॉन कॅलिफोर्नियात ओकलंडला भरायचं होतं, नाव पॅसिफिकॉन २. वॉल्टर ब्रीन हा नाण्यांचा नावाजलेला अभ्यासक आणि चाहत्यांच्या वर्तुळातला परिचित माणूस. तो लहान मुलांशी कसा वागतो हे बर्कलीतल्या अनेक घरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बिल डोनाहो या आयोजकाने ते सगळं लिहून काढलं आणि ओळखीच्या लोकांत फिरवलं. समितीने ब्रीनचं सदस्यत्व रद्द केलं. आज हा निर्णय साधा वाटेल. तेव्हा मात्र वादळ उठलं, आणि ते ब्रीनपेक्षा समितीवरच जास्त आदळलं. न्यायालयाने दोषी ठरवलेलं नसताना माणसाला बाहेर कसं काढता, खासगी गोष्टी अशा कागदावर कशा मांडता, उद्या आमच्यावरही ही पाळी आणाल, असे सवाल झाले. मुलांबद्दलचा सवाल त्या गदारोळात बुडाला. त्याच वर्षी ब्रीनने लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली हिच्याशी लग्न केलं आणि पुढची अनेक वर्षं तो या जगात वावरत राहिला. मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली ती थेट १९९० नंतर. १९९३ मध्ये तो तुरुंगात मेला. २०१४ मध्ये त्याच्या मुलीने स्वतःच्या घरातलं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा कुठे नव्या पिढीने १९६४ चे कागद पुन्हा उघडले.

या प्रकरणाशी मी जरा जास्त रेंगाळतो आहे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादाचा साचा इथे तयार झालेला दिसतो. माहिती होती. ती लिहिणारा माणूसही होता. एका समितीने कठोर निर्णय घेतलासुद्धा. पण एका मेळाव्यापुरता घेतलेला निर्णय तो मेळावा संपला की संपला, आणि बाकीच्यांनी ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून डोळे मिटले.

दरम्यान गर्दीचं रूप पालटत होतं. १९७० मध्ये सॅन डिएगोच्या पहिल्या कॉमिक्स मेळाव्याला तीनेकशे लोक आले होते. आज तिथे १ लाख ३० हजारांच्या आसपास येतात. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचा मेळावा झाला, तेव्हा आयोजकांनी काहीशे लोक धरले होते, प्रत्यक्षात तीन हजारांवर आले. सगळे सगळ्यांना ओळखतात हा आधार तिथेच निखळला. भाड्याने आणलेल्या पहारेकऱ्यांना हे जग कळत नव्हतं. हातात खोटी लेझर बंदूक घेऊन परग्रहवासी बनलेला चाहता आणि खरोखर धोकादायक माणूस यांतला फरक ओळखायला आतलाच माणूस लागतो. त्यातून १९७४ मध्ये लेखक रॉबर्ट ॲस्प्रिन यांनी ‘डोर्साय इर्रेग्युलर्स’ हे पथक उभं केलं. नाव गॉर्डन डिक्सन यांच्या कथांतल्या लढवय्या जमातीवरून घेतलेलं, सदस्य सगळे चाहतेच. आवाज न चढवता, हात न उचलता, बोलून प्रसंग निवळायचा ही त्यांच्या कामाची रीत, आणि पुढे अनेक मेळाव्यांनी आपापली पथकं उभारताना तीच उचलली.

त्या कामाचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. पोशाखासोबत तलवार, धनुष्य, बंदूक घेऊन आलेल्या प्रत्येकाला आधी एका टेबलावर जावं लागतं. तिथला स्वयंसेवक पातं धारदार आहे का ते बोटाने चाचपतो, बंदुकीची नळी बुजवलेली आहे का पाहतो, धनुष्याची दोरी सैल करायला लावतो. मग तलवार म्यानातून निघू नये अशा बेताने प्लॅस्टिकचा पट्टा आवळतो. भडक रंगाचा पट्टा लांबून दिसतो, त्यामुळे हॉलमधल्या दुसऱ्या स्वयंसेवकाला पुन्हा विचारावं लागत नाही. तपासणी चालू असताना पोशाखाचं कौतुकही होतं. समोरच्याला चोरासारखं वागवायचं नाही, पण पट्ट्याशिवाय सोडायचंही नाही.

हे सगळं बाहेरून येणाऱ्या, दिसणाऱ्या धोक्यासाठी होतं. आतल्या, ओळखीतल्या माणसाकडून होणाऱ्या त्रासासाठी असं टेबल कुठेच नव्हतं. लिफ्टमध्ये अंगाला हात लावणारा, पार्टीत वाट अडवणारा, नको म्हटल्यावरही तीन दिवस मागे मागे फिरणारा, यांच्यापासून सावध करण्याचा एकच मार्ग होता : एका बाईने दुसरीच्या कानात सांगणं. ज्यांच्या ओळखी होत्या त्या वाचायच्या. पहिल्यांदाच आलेली, कुणालाच न ओळखणारी मुलगी सापडायची. लोक वर्षानुवर्षं ज्याला पुरेसं समजत आले ते हे कुजबुजीचं संरक्षण, आणि मला त्याचा राग येतो तो याचसाठी की ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्यापर्यंत ते कधीच पोहोचत नव्हतं.

हे झाकणं २००६ नंतर अवघड होत गेलं. त्या वर्षी वर्ल्डकॉनमध्ये विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांच्या सोहळ्यात, भर मंचावर, लेखक हार्लन एलिसन यांनी लेखिका कॉनी विलिस यांच्या छातीला हात लावला. पाहणारं सभागृह भरलेलं होतं. २००८ मध्ये एका चाहत्याने मित्रमंडळींसह मेळाव्यात ‘परवानगी विचारून स्पर्श’ असा एक प्रयोग केल्याचं अभिमानाने मांडलं, त्यावर संताप उसळला. उत्तरादाखल बायकांनी एकमेकींच्या पाठीशी उभं राहण्याची मोहीम सुरू केली : बॅजवर खुणेची फीत लावायची, म्हणजे अडचणीतल्या कुणालाही मदत कुणाकडे मागायची ते कळेल. त्याच वर्षी मेळाव्यांनी छळवणुकीविरुद्ध लेखी धोरण करावं यासाठी स्वयंसेवकांनी पाठपुरावा सुरू केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत धोरणाचे तयार मसुदेही फिरू लागले, कुणीही घ्यावेत, आपलं नाव घालावं आणि वापरावेत असे.

धोरण लिहिणं आणि पाळणं यांत किती अंतर असतं ते जुलै २०१२ मध्ये दिसलं. मॅसॅच्युसेट्समधल्या रीडरकॉन या मेळाव्याचा नियम स्पष्ट होता : छळवणूक केल्यास कायमची बंदी. एका लेखिकेने रीतसर तक्रार केली. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो स्वतः मेळाव्यांच्या आयोजनातला जुना, वजनदार माणूस होता. संचालक मंडळाने तक्रार खरी मानली, पण त्याला मनापासून पश्चात्ताप झाल्याचं कारण देऊन दोन वर्षांचीच बंदी घातली. म्हणजे नियम अनोळखी माणसांसाठी आणि सवलत आपल्यासाठी. वर्गणीदार, लेखक आणि खुद्द मेळाव्याचे स्वयंसेवक खवळले. महिनाभरात मंडळाला राजीनामा द्यावा लागला, बंदी कायमची झाली आणि तक्रारदाराची जाहीर माफी मागितली गेली. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच, कारण इथे पहिल्यांदा खालच्या फळीतल्या स्वयंसेवकांनी वरच्यांना नियम पाळायला लावले.

पुढची दोन वर्षं वेगाची होती. २०१३ मध्ये लेखक जॉन स्काल्झी यांनी जाहीर केलं की छळवणूकविरोधी धोरण नसलेल्या मेळाव्याला ते पाहुणे म्हणून जाणार नाहीत, आणि शेकडो जणांनी त्याखाली आपली नावं जोडली. त्याच वर्षी ॲटलांटातल्या ड्रॅगन कॉन या मेळाव्याने आपल्या कंपनीची फेररचना करून सह-संस्थापक एड क्रेमर याचा मालकीहक्क संपवला. मुलांवरील अत्याचाराच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती २००० मध्ये, आणि खटला रखडलेला असताना तेरा वर्षं तो भागीदार राहिला होता. मालकच असा निघाला तर दारावरच्या स्वयंसेवकाच्या हातात काय उरतं, हा प्रश्न तिथे उघडा पडला. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनच्या प्रवेशद्वारांवर ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ असे मोठाले फलक लागले. कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख, केला म्हणून अंगाला हात लावायची, न विचारता फोटो काढायची मुभा मिळत नाही, हे सांगायला तोवर भिंतीवर फारशी जागा मिळालेली नव्हती. फिलाडेल्फियातल्या काही तरुणींनी त्याच वर्षी सॅन डिएगोच्या मेळाव्याने छळवणुकीविरुद्ध ठोस धोरण करावं यासाठी सह्यांची मोहीम चालवली होती. फलक लागले म्हणून त्रास थांबला नाही, पण तक्रार करणारीला ‘असं चालायचंच’ हे ऐकून घ्यावं लागणं कमी झालं.

तक्रार घेण्याची पद्धतही याच काळात घासूनपुसून नीट झाली. पूर्वी भरल्या कॉरिडॉरमध्येच ‘नेमकं काय झालं? तुझा गैरसमज नाही ना?’ अशी उलटतपासणी सुरू व्हायची. आता शिकवलं जातं ते असं : आधी शांत खोलीत न्यायचं, सोबत कुणी हवंय का विचारायचं, पाणी द्यायचं. मग वेळ, जागा, शब्द, साक्षीदार हे सांगणाऱ्याच्या भाषेत लिहून घ्यायचं आणि तिला वाचून दाखवायचं. तिला आत्ता काय हवंय ते विचारायचं. काहींना फक्त नोंद हवी असते, काहींना खोलीपर्यंत सोबत, काहींना पोलीस. गुन्हा सिद्ध करणं हे स्वयंसेवकाचं काम नाही. बॅज काढून घ्यायचा, म्हणजे बाहेर काढायचं, की नाही एवढंच मेळाव्याच्या हातात असतं, आणि त्यासाठी न्यायालयाइतका पुरावा लागत नाही. १९६४ च्या भांडणात हाच मुद्दा कुणाला पटवता आला नव्हता.

बाहेरचा धोका संपला होता असंही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये शिकागोजवळ मिडवेस्ट फरफेस्ट या ‘फरी’, म्हणजे माणसासारख्या प्राणीपात्रांच्या चाहत्यांच्या मेळाव्याच्या हॉटेलात मध्यरात्रीनंतर कुणीतरी जिन्यात क्लोरीन सोडला. १९ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि प्राण्यांचे पोशाख घातलेली माणसं कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आली. मे २०१७ मध्ये फिनिक्सच्या कॉमिक मेळाव्यात भरलेल्या खऱ्या बंदुका घेऊन एक माणूस शिरला. एका अभिनेत्याला मारायचा त्याचा बेत होता. ओळखीतल्या एका व्यक्तीने वेळेत पोलिसांना कळवलं म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर तिथे खोट्या शस्त्रांवरही बंदी आली आणि अशा जागी पोलीस, धातुशोधक यंत्रं दिसू लागली. त्याच वर्षी डेन्व्हरचा एक फरी मेळावा धमक्या आणि सुरक्षेचा न परवडणारा खर्च यांमुळे कायमचा बंद झाला.

जपानचा अनुभव थोडा निराळा. १९७५ पासून टोकियोत भरणारा कॉमिकेट हा चाहत्यांनी काढलेल्या पुस्तिकांचा मेळावा लाखोंच्या गर्दीतही स्वयंसेवकांवर चालतो आणि तिथे येणारा कुणीच ‘ग्राहक’ मानला जात नाही, सगळे ‘सहभागी’. २०१२ मध्ये एका विशिष्ट मांगाशी, म्हणजे जपानी चित्रकथेशी, संबंधित ठिकाणांना धमकीची पत्रं येऊ लागली, तेव्हा आयोजकांनी त्या वर्षअखेरच्या मेळाव्यापुरतं त्या मांगावरच्या पुस्तिकांना थांबवलं. निर्णय अनेकांना कडू लागला, कारण धमकी देणाऱ्याऐवजी चाहतेच बाहेर राहिले. वर्षभराने आरोपी पकडला गेला.

बंदी घालतानाही शब्द जपून वापरावे लागतात. सॅन होजेला भरलेल्या २०१८ च्या वर्ल्डकॉनने एका लेखकाला आधीच प्रवेश नाकारला. तसं करण्याचा अधिकार समितीला होता. पण जाहीर निवेदनात त्याच्या वागण्याला ‘वंशद्वेषी’ दादागिरीचं लेबल लावलं गेलं आणि प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेलं. २०२१ मध्ये आयोजक संस्थेने ४ हजार डॉलर आणि माफी देऊन तडजोड केली. तेव्हापासून अनुभवी माणसं नव्या समित्यांना एकच सांगतात : निर्णय कळवा, नियमाचं कलम सांगा, माणसाचं वर्णन करू नका.

याच भीतीमुळे बंदी घातलेल्यांची सामायिक यादी हा विषय अडून बसला आहे. वर्ल्डकॉनचंच पाहा. दरवर्षी शहर नवं, समिती नवी, आणि मूळ संस्थेला कायमचं असं कार्यकारी मंडळच नाही. एका वर्षी बाहेर काढलेल्या माणसाची बंदी पुढच्या वर्षीच्या समितीवर आपोआप लागू होत नाही. तिला तक्रारीचे कागद मिळाले तरी निर्णय पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. कागद कुणी जपायचे, किती वर्षं, तक्रार करणारीचं नाव कुणाला दिसावं, आणि ज्याच्याविरुद्ध नोंद आहे त्याला बाजू मांडायची संधी केव्हा द्यायची, यावर प्रत्येक समिती आजही स्वतःपुरतं उत्तर शोधते. आणि ते शोधणारी माणसं दिवसा आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री हे काम करतात.