उतारावर न्यूट्रल: पेट्रोल खरंच वाचतं का?

पन्हाळ्यावरून खाली येताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, असं कोल्हापुरात आजही ठासून सांगतात. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० पुरतं त्यात थोडं तथ्य होतं. एमपीएफआय गाडीत, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाडीत, उलटं घडतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या मंद गतीच्या, जवळ उतरले की मात्र पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल सतत जातच राहतं. वर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधलं इंजिन गाडीला मागे धरतं, तेही गेलं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. इंजिनच बंद करून उतरणारे बहाद्दर तर वेगळेच: चालू इंजिनमुळे ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपला की ब्रेक पेडल दगड!