घराचं जोतं आणि 'व'चा 'ह'

आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर 'मातृछाया' किंवा 'गोकुळ' लिहितात. गोकुळातून आपण आलो असं त्यातल्या कुणाचंच म्हणणं नसतं. फिजीत मात्र घराचं नाव हा थेट वंशावळीचा मामला. तिथलं पारंपरिक घर मातीच्या उंच जोत्यावर उभं राहतं. या जोत्याला म्हणतात 'यावू'. नाव असतं ते जोत्याला. वरच्या भिंती वादळात उडाल्या, छप्पर कुजलं, तरी नाव जोत्यावरच राहतं आणि कुटुंब त्यावरून ओळखलं जातं.

मग जोतंच सोडायची वेळ आली तर? वुनिन्दोंगोलोआ या किनाऱ्यावरच्या गावावर ती आली. समुद्र घरांत शिरू लागला, तेव्हा 2014 साली सगळं गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर हलवलं. नव्या जागेचं नाव ठेवलं 'केनानी', म्हणजे बायबलमधला कनान, वचन दिलेला देश. (वुनिन्दोंगोलोआ हे नाव रोमन लिपीत 'डी' वापरून लिहितात, पण फिजीच्या भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'न्द' होतो.)

बायबलचं नाव का, 'आपली' आख्यायिका का नाही, असा प्रश्न पडतो. आख्यायिका आहे, आणि झोकदार आहे. लुतुनासोम्बासोम्बा नावाचा नायक 'कौनितोनी' या होडीतून येतो, विती लेवू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वुंदा इथे उतरतो. 'वुंदा'चा अर्थ 'आपलं मूळ' असा लावतात. त्याच्यासोबतचा न्देंगेई पुढे नाकाउवांद्रा डोंगरात जातो आणि तिथला नागदेव म्हणून पुजला जातो. हे लोक निघाले कुठून? आफ्रिकेतल्या टांगानिका परिसरातून, असं आजही सांगितलं जातं.

गंमत अशी की ही कथा एका स्पर्धेत तावूनसुलाखून निघाली आहे. 1892 मध्ये 'ना माता' या फिजीच्या भाषेतल्या नियतकालिकाने आपल्या लोकांच्या उगमाची कथा मागवली आणि कौनितोनीची कथा जिंकली. त्याआधी मिशनरी शाळांत आफ्रिकेचा सिद्धांत शिकवून झालाच होता. 1966 मध्ये इतिहासकार पीटर फ्रान्स यांनी हा सगळा माग काढला. थोडक्यात, 'केनानी' आणि 'कौनितोनी' यांच्या वयात वाटतं तितकं अंतर नाही.

खरं जुनं काय, ते घराच्या नावात सापडत नाही. 'घर' या शब्दात सापडतं. आता माझा आवडता भाग.

फिजीच्या भाषेत घर म्हणजे 'वाले'. सामोआत 'फाले'. हवाईत 'हाले'. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेत 'बालाय'. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणून सोडून द्यावं. पण फळ घ्या: मलय 'बुआह', फिजी 'वुआ', सामोआ 'फुआ', हवाई 'हुआ'. पुन्हा तीच उतरंड: ब, व, फ, ह. तोंडाने करून पाहा. 'ब'ला ओठ पूर्ण मिटतात. मिटणं जरा सैल पडलं की फटीतून हवा घासत जाते, 'व' होतो. घोष (गळ्यातली थरथर) गेला की 'फॅन'मधला 'फ'. ओठांनी अंगच काढून घेतलं की उरतो नुसता श्वास, 'ह'. (भाषाशास्त्रज्ञ मधल्या काही पायऱ्या वेगळ्या मांडतात; मी त्या गाळल्या आहेत.) महत्त्वाचं म्हणजे हा बदल शब्द निवडून होत नाही, त्या जागी तो ध्वनी जिथे जिथे आहे तिथे तिथे होतो. संस्कृत 'सप्ताह'मधला 'स' आणि फारसीतून आलेल्या 'हप्त्या'तला 'ह' आठवा, तसंच.

अशाच नियमित बदलांनी एका स्थलांतरित गावनावाचाही पत्ता लागतो. पॉलिनेशियन (सामोआ, हवाई, न्यूझीलंड अशा बेटांवरच्या) लोकांच्या पूर्वजांच्या मूळभूमीचं नाव भाषाशास्त्रज्ञ 'सावाइकी' असं उभं करतात. सामोआने 'स' राखला, 'क' घशात गिळला: सावाई बेट. न्यूझीलंडच्या माओरींनी 'स'चा 'ह' केला, 'क' राखला: हावाइकी, त्यांची पुराणातली जन्मभूमी. हवाईने दोन्ही बदल केले: हवाई. नव्या घराला जुन्याचं नाव द्यायची सवय कुणा स्पर्धेतून आलेली नाही, ती हजारो किलोमीटर होडीतून गेली आहे.

जमिनीतले पुरावेही 'बालाय'च्याच दिशेला, म्हणजे आफ्रिकेकडे नाही तर फिलिपिन्सकडे, बोट दाखवतात. ठिपक्यांच्या नक्षीची लापिता मडकी फिजीत सुमारे 3000 वर्षांपूर्वी पोचली. नाइगानी बेटावर सापडलेली ज्वालामुखी काच पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावरच्या तालासियाची, म्हणजे तीन हजारांहून जास्त किलोमीटर पश्चिमेची. 2016 मध्ये वानुआतू आणि टोंगातल्या प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचे जवळचे नातलग तैवान-फिलिपिन्सकडे निघाले. नंतर पापुआकडूनही लोक आले, आणि आजच्या फिजीत दोन्ही रक्तं आहेत. टांगानिका कुठेच नाही.

आपणही फार हसू नये. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर फिजीत नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांत असं मानणारे आहेत की कृष्णाने यमुनेतून हाकललेला कालिया ज्या रमणक द्वीपावर गेला ते फिजीच, आणि न्देंगेई म्हणजे तोच. भक्ती म्हणून ठीक. पण हे 'संशोधन' म्हणून व्हॉट्सअॅपवर आलं, तर पाठवणाऱ्याला एकच विचारा: मग फिजीत घराला 'वाले' का म्हणतात, आणि त्याचा सख्खा भाऊ फिलिपिन्समध्ये कसा?