शालेय बालआरोग्य संवाद

बालरोगतज्ज्ञांनी दवाखान्याबाहेर पडून शिक्षक, पालक आणि मुले यांच्याशी आरोग्याविषयी केलेली बोलणी. लसीकरण, जंत, जुलाब, खाणेपिणे, मोबाइलचा अतिवापर हे त्यांतले नेहमीचे विषय.

बडोद्यात शाळेची वाट घराघरात लवकर पोचली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. आज येथील अनेक मराठी घरांतली मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. शाळेची गुजराती चिठ्ठी आई वाचते. पण जुलाब लागले की ‘पोटाला आराम हवा’ म्हणून मुलाचे जेवण बंद करण्याचा निर्णय बरेचदा आजीचा असतो. त्यामुळे दांडिया बाजारासारख्या भागात गणेशोत्सवाच्या मांडवात मराठीतून केलेली दहा मिनिटांची बोलणी चिठ्ठीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

तिथे भाषण नको, करून दाखवावे. ओआरएस म्हणजे जुलाबात पाण्यातून द्यायची क्षार-साखरेची पूड; तिचे मोठे पाकीट फोडून एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचे. पेलाभर पाण्यात अंदाजाने चिमूट टाकली, तर क्षारांचे प्रमाण बिघडते आणि ते बाळाला धोक्याचे ठरू शकते. तयार पाणी २४ तासांत संपवावे, वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे, अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे. झिंकची गोळी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस द्यावी. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा. एका बैठकीला एवढा एकच विषय पुरे.

शाळेत पहिली गाठ वर्गशिक्षकांशी घालावी, कारण पालकांचा फोन त्यांनाच येतो. २०१८ मध्ये गुजरातेत गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली. अशा मोहिमांच्या वेळी व्हॉट्सॲपवरच्या अफवा डॉक्टरांच्या आधी घरी पोचतात. म्हणून होऊ शकणारा त्रास आधीच सांगणे हा या कामाचा गाभा आहे: लशीनंतर थोडा ताप येऊ शकतो, जंतांच्या गोळीनंतर काही मुलांना मळमळते किंवा पोटात दुखते, रांगेत भीतीने एखाद्याला घेरी येते. हे ठाऊक असलेले शिक्षक मुलाला आडवे निजवतात, गोंधळ होऊ देत नाहीत आणि डॉक्टरांना बोलावतात. त्रास लपवणारा डॉक्टर पुढच्या मोहिमेतही विश्वास गमावून बसतो.

तपासणीत आढळलेले वजन, उवा किंवा अंथरुणात लघवी होणे यांचा उल्लेख वर्गात नावानिशी करू नये; पालकांना बाजूला घेऊन सांगावे. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा अशा कंपनीच्या पैशाने भरवलेले पालकमेळावे नाकारावेत.