हात म्हणाला ‘उद्या’

आमच्या वरच्या खोलीत लखनौचा एक मुलगा भाड्याने राहतो. मराठी शिकतोय. परवा मंडईत नेटवर्क गेलं, क्यूआर कोड स्कॅन होईना. भाजीवाल्या मावशींना तो म्हणाला, “बाकीचे पैसे काल देतो.”

“काल दिले असतेस तर आज कशाला मागितले असते? उद्या म्हण, उद्या!”

पण पिशवी त्यांनी तोवर त्याच्या हातात ठेवलीही होती. हिंदीतला ‘कल’ मागचाही असतो आणि पुढचाही. मराठीतला ‘काल’ फक्त मागचा. जीभ तिथे घसरली, पण बोलताना त्याचा पंजा छातीपासून पुढे गेला होता. मावशींनी तो बरोबर वाचला.

नवी भाषा बोलताना हातवारे वाढतात ते शब्दांच्या टंचाईमुळे, असं मलाही वाटायचं. पडवळ आठवेना की हवेत लांबलचक रेघ. पण स्वीडनच्या भाषाशास्त्रज्ञ मारियान गुलबर्ग यांनी फ्रेंच शिकणारे स्वीडिश आणि स्वीडिश शिकणारे फ्रेंच यांचं बोलणं १९९८च्या अभ्यासात तपासलं, तेव्हा व्याकरणात अडल्यावर, बोलण्याचा धागा तुटल्यावरही हात मदतीला येतात असं दिसलं. काळाचं रूप जमलं नाही की हात मागे-पुढे जातो.

गोष्ट सांगताना तर गंमतच. आपण ‘त्याने त्याला सांगितलं’ म्हणून मोकळे होतो. नवशिका मात्र ‘भाऊ म्हणाला, मग मित्र म्हणाला, मग भाऊ...’ असं दर वेळी नाव घेतो आणि हातानेही भाऊ उजवीकडे, मित्र डावीकडे ठेवत जातो. ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी? गुलबर्ग यांनी २००६मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या १६ डच लोकांवर हे ताडून पाहिलं. ऐकणारा दिसत नसतानाही नावांची ही उजळणी आणि हात दोन्ही चालूच राहिले. बदलली ती हात हवेत कुठे-कसे फिरवायचे याची तऱ्हा. म्हणजे हात थोडे समोरच्यासाठी, थोडे स्वतःसाठीच. जन्मांध मुलंही बोलताना हातवारे करतात, समोरचाही अंध असला तरी; हे मानसशास्त्रज्ञ जना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८मध्येच दाखवलं होतं. ‘हात खाली ठेवून बोला’ म्हणणाऱ्या शिकवणीवाल्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

गेल्या महिन्यात याच मुलाने माझ्यासमोर घरमालक काकांना फोन केला होता. “काका, भाडं काल टाकतो.” पंजा तेव्हाही पुढेच गेला होता. काका मात्र संध्याकाळभर बँकेचे मेसेज चाळत बसले.