दाता-ग्राही रेणू

इलेक्ट्रॉन सहज सोडणारा एक भाग (दाता) आणि तो ओढून घेणारा दुसरा भाग (ग्राही) एकाच सांगाड्यात जोडून घडवलेले कार्बनी रेणू. वीज दिली की उजळणारे ओएलईडी (कार्बनी पदार्थांचे प्रकाशदायी डायोड) आणि ऊन पडले की वीज देणारे कार्बनी सौर घट, दोन्हींत यांचा उपयोग होतो. त्यामुळे या विषयात रमलेल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची कारकीर्द सहसा एका बाजूपुरती राहत नाही. इंदूरच्या आयआयटीत (स्थापना २००९, आवार सिमरोल) रसायनशास्त्र विभागाने या रेणूंवर भरपूर काम केले आहे.

दात्याकडचा इलेक्ट्रॉन ग्राहीकडे सरकवायला किती ऊर्जा लागते, यावर रेणूचा रंग ठरतो. ग्राही जोरकस केला की ही ऊर्जा घटते आणि रेणू तांबड्या, पुढे अवरक्त प्रकाशापर्यंत शोषू लागतो. इंदूरला दाता म्हणून ट्रायफिनिलअमाइन, फेरोसीन आणि ग्राही म्हणून बेन्झोथायाडायझोल असे घटक वापरले गेले. यातली सर्वांत बोलकी अभिक्रिया टेट्रासायनोइथिलीनची आहे. रेणूतल्या तिहेरी बंधावर ते जोडले जाते, चार अणूंचे कडे बनते आणि लगेच उघडते. हाती येतो टेट्रासायनोब्युटाडाइन हा अतिशय बलवान ग्राही. उत्प्रेरक लागत नाही. कॉलममधून (पदार्थ शुद्ध करण्याच्या नळीतून) उतरलेला मूळ पदार्थ यूव्ही दिव्याखाली झळकत असतो; अभिक्रियेनंतर हे झळकणे, म्हणजे अनुस्फुरण, बहुतेक मावळते, रंग मात्र गडद होतो. प्रकाश देणारा रेणू असा ऊन शोषणारा बनतो. दोन संशोधनविषयांमधले अंतर किती थोडे आहे, हे विद्यार्थ्याला पटवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दोन्ही शाखांचा आरंभही एकाच माणसापाशी आहे. कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी १९८६ मध्ये दोन थरांचा कार्बनी सौर घट प्रसिद्ध केला (कार्यक्षमता सुमारे १ टक्का) आणि १९८७ मध्ये सहकारी व्हॅन स्लाइक यांच्यासह कमी व्होल्टेजवर चालणारा ओएलईडी. आज प्रयोगशाळेतले कार्बनी घट १९ टक्क्यांपलीकडे गेले आहेत.

उत्सर्जनात अडचण निराळी आहे. विजेने उत्तेजित झालेल्या रेणूंपैकी सुमारे २५ टक्केच एकक अवस्थेत, म्हणजे सहज प्रकाश देणाऱ्या अवस्थेत, असतात. उरलेले ७५ टक्के त्रिक अवस्थेत (इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची मांडणी वेगळी असलेल्या अवस्थेत) जातात आणि साध्या कार्बनी रेणूत त्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. दाता आणि ग्राही एकमेकांशी जवळजवळ काटकोनात ठेवले, तर दोन अवस्थांमधले ऊर्जेचे अंतर इतके कमी होते की खोलीतल्या उष्णतेनेच त्रिक रेणू एकक अवस्थेत परततात. जपानच्या क्यूशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये हे परिणामकारकपणे दाखवले. त्रिक रेणूंकडून प्रकाश मिळवण्यासाठी एरवी वापरल्या जाणाऱ्या इरिडियमसारख्या महाग धातूशिवाय भरपूर प्रकाश मिळवण्याची ही वाट निर्विवाद महत्त्वाची आहे.

इंदूरमध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासूनचे. रामबागेतल्या मराठी घरांतली मुलेही तिथे बीएस्सी करत आली आहेत. आता पीएचडीसाठी शहर सोडण्याची सक्ती उरलेली नाही, सिमरोल खंडवा रस्त्यावरच आहे. शिवाय राजा रामण्णा केंद्रातील २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र), इंडस-२, पदार्थांची रचना तपासण्यासाठी शहरातच उपलब्ध आहे.

सर्वांत चिवट प्रश्न निळ्या रंगाचा. त्याला लागणारी ऊर्जा जास्त असल्याने रेणूतले बंध तुटतात आणि निळे ओएलईडी हिरव्या-लालपेक्षा लवकर मंदावतात.