बालवयातील निसर्गपरिचय

साधारणपणे दोन ते आठ वर्षांच्या मुलांना माती, पाणी, झाडे, किडे, पक्षी यांचा प्रत्यक्ष अनुभव मिळवून देण्याची पद्धत. या वयात मूल हाताळून, हुंगून, ऐकून शिकते. त्यामुळे नावे पाठ करून घेण्याला येथे दुय्यम स्थान आहे.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांनी स्वतः वाफे सांभाळणे हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता. विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये वन-बालवाड्या सुरू झाल्या. त्यांतील मुले दिवसाचा बहुतेक वेळ, पाऊस-थंडीतही, बाहेर काढतात. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांनी १९५६ मधील एका लेखात मुलाचे कुतूहल टिकायला त्यात रमणाऱ्या एका तरी मोठ्या माणसाची सोबत लागते, असे मांडले.

ही सोबत म्हणजे बहुतांशी थांबणे. मुंग्यांच्या रांगेपाशी मूल बसले की त्याला पुढे ओढू नये. सहल तिथेच झाली असे समजावे. ‘हे काय?’ या प्रश्नाला लगेच नाव सांगितले, की पाहणे बहुधा तिथेच संपते. ‘पाय किती आहेत? कुठे चाललाय?’ असे विचारले तर मूल पुन्हा वाकून बघते. रोज नवी जागा दाखवण्यापेक्षा एकाच झाडाकडे वर्षभर जाणे अधिक फलदायी, कारण पालवी, फूल, फळ, पानगळ हा क्रम त्याशिवाय उमगत नाही. दगड उचलून खालचे जीव पाहिल्यावर तो अलगद जागेवर ठेवायला शिकवावे. तो त्यांचा निवारा असतो. मोठ्यांनी किडा पाहून किंचाळले तर ती भीती मूलही उचलते.

आरोग्याच्या दृष्टीनेही याला आधार आहे. फिनलंडमधील पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती व हिरवळ आणून केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २८ दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारयंत्रणेतही अनुकूल बदल दिसले. बाहेरच्या उजेडात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टिदोष (दूरचे अंधुक दिसणे) सुरू होण्याचे प्रमाण कमी आढळते.

अनोळखी फळे व अळंबी तोंडात घालू देऊ नयेत. मातीत खेळून झाल्यावर हात धुवावेत. पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावरच असावे, कारण लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते.